मधला अंधार

थोरला भाऊ गेला, त्याला महिना झाला असेल. शिरपूरला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण आईला एकच सांगे, "हळूहळू कमी होईल." मला त्या वाक्याचा वीट आला होता. रडू मात्र येत नव्हतं.

एका दुपारी दुकानात बसून मी त्याच्या जुन्या रेकॉर्डवर चांदीच्या कागदाच्या सारख्या रुंदीच्या पुष्कळ बारीक पट्ट्या चिकटवल्या, मध्यापासून कडेपर्यंत, चाकाच्या आऱ्यांसारख्या. बॅटरीचं एक टोक मधल्या दांडीला लावलं, दुसऱ्याला एक सुटी तार आणि त्यानेच नागपूरहून आणलेला तांबडा, मुगाएवढा एलईडी दिवा जोडला. ग्रामोफोन सुरू केला. फिरत्या पट्ट्यांवर ती तार मध्याजवळ टेकवली की दिवा लख्ख दिसे. कडेकडे सरकवली की मंद होत जाई.

आई दारात येऊन उभी राहिली. "कमी होऊन राह्यला का वं?"

"नाही. पट्टीवर तार आली का दरवेळी तेवढाच लख्ख पेटते. दोन पट्ट्यांमधला अंधार वाढते फक्त. भरभर होते म्हून आपल्याले दिसत नाही."

आईने जवळ येऊन, वाकून त्या मंद दिव्याकडे पाहिलं.

"मंग लोकं काहून म्हनतात," ती म्हणाली, "कमी होते म्हून?"