उजव्या अंगाला कललेली होडी

पोलीस खात्यातली बरीचशी प्रकरणे कागद वरिष्ठांकडे गेले की मनातूनही जातात. मुळशी तलावावरच्या त्या शिडाच्या होडीचे तसे झाले नाही. अजूनही एखादी रिकामी होडी पाण्यावर दिसली की ती सरळ उभी आहे ना, हे मी आधी पाहतो.

स्वातंत्र्यानंतरच्या दहा-बारा वर्षांतली ही गोष्ट. मी मुळशी खोऱ्यातल्या एका ठाण्यावर फौजदार होतो. वैशाखातल्या एका सकाळी हजेरी चालू असताना पुण्याचे एक गृहस्थ आले. नौदलातून निवृत्त झालेले, ताठ, मोजके बोलणारे. म्हणाले, "तक्रार द्यायला आलेलो नाही. एक गोष्ट सांगतो, तिचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

तलावाकाठच्या एका गावातल्या बड्या शेतकरी घरात जुनी शिडाची होडी विकायला काढली होती. ती पाहायला ते आले होते. घरातल्या थोरल्या भावाने ही होडी मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज अभियंत्याकडून हौसेने घेतली होती. पुढे, घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे, दोघे भाऊ तलावात गेले असताना वावटळ आली, होडी उलटली, थोरला बुडाला आणि धाकटा पोहून काठाला आला. होडी नंतर पाण्याने अर्धी भरलेली, काठाला लागलेली सापडली. प्रेत मिळाले नाही. मी तिथे बदलून येण्याआधीच अकस्मात मृत्यूची नोंद होऊन प्रकरण मिटले होते.

"त्या होडीत काय खोट आहे?" मी विचारले.

"लाकूड उत्तम आहे. पण पाण्यात सोडली की ती उजवीकडे कलते. वारा नसताना, आत कोणी नसताना. गावकरी तिला हात लावत नाहीत. आणि मला सांगितलं ते खोटं आहे. ही होडी कधी उलटलेलीच नाही."

मी त्यांना घेऊन गावी गेलो. धाकटा भाऊ घरी नव्हता. होडी एका छपराखाली होती. चार माणसे लावून ती पाण्यात ढकलली, तेव्हा माणसांनी हात अशा घाईने काढून घेतले की मला नवल वाटले. वारा पडलेला, पाणी आरशासारखे. होडी जरा पुढे गेली, थांबली, आणि सावकाश उजव्या अंगाला झुकली. कोणी काठावरून उतरून आत बसावे, तशी. मग तशीच राहिली.

शेजारी उभा असलेला म्हातारा कोळी हलक्या आवाजात म्हणाला, "थोरलं मालक बसल्यात, सायेब. त्येंची ती जागाच व्हती, उजव्या अंगाला. गिऱ्हाईक येतंय, बघतंय आन् जातंय. कोन घेतंय आसली?"

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. तरी त्या रिकाम्या फळीकडे पाहताना अंगावर काटा आला, हे नाकारणार नाही.

गृहस्थांनी मात्र होडी काठाला ओढून घेतली आणि आधी केलेली तपासणी माझ्यासमोर पुन्हा सुरू केली. चाकूचे टोक लाकडात रोवून कुठे कुजले आहे का ते पाहिले, बोटाच्या पेराने फळ्या वाजवल्या. शेवटी तळाच्या फळ्या उचलल्या. खाली लाकडात खाचा होत्या आणि त्यांत लोखंडाची जड वजने नुसती ठेवलेली होती, कुठेही न बांधता. शिडाची होडी वाऱ्याने कलंडू नये म्हणून तळाला असा भार लागतो. डाव्या बाजूची एक खाच रिकामी होती. तिच्यात वजनाच्या आकाराचा गंजाचा डाग उरला होता.

"म्हणून कलते," ते म्हणाले. "डावीकडचा भार कमी झालाय. आता बघा, होडी उलटली असती तर सगळीच वजनं तळाला गेली असती. इथे एकच गेलंय."

"नंतर कोणी चोरलं असेल."

"असेल. पण होडी उलटल्यावर बाकीची आत कशी राहिली?"

पंच बोलावून होडीचा पंचनामा केला आणि धाकट्याला चौकशीला आणायला शिपाई पाठवला.

तो दुपारी आला. चाळिशीचा, धट्टाकट्टा, पण डोळ्यांखाली काळे. मी शिपायांना बाहेर बसवले, त्याला पाणी दिले. माझा अनुभव असा की घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवले की तो गप्प होतो. मी एवढेच विचारले, "होडी उजवीकडे का कलते?"

तो म्हणाला, "दादा बसतो."

"तुम्ही पाहिलंय?"

"गुरास्नी पानी पाजताना, दार लावताना, कवाबी. होडी छपरात नुसती उभी असली तरी वाटतं, बसलाय. म्हून तर इकाया काढली."

"डावीकडचं एक वजन कुठे गेलं?"

त्याने मान वर केली. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. ते वजन त्याने स्वतःच्या हाताने उचलले होते. पण वजन गेले म्हणून होडी कलते, हे इतक्या दिवसांत त्याच्या ध्यानातच आले नव्हते. तो रडला आणि सगळे सांगून मोकळा झाला.

थोरल्याला मूलबाळ नव्हते. त्याने बायकोच्या भाच्याला दत्तक घ्यायचे ठरवले होते; मग त्याच्या वाट्याची जमीन धाकट्याच्या घरात येणार नव्हती. तलावाच्या मध्यावर त्यावरून बोलाचाली झाली आणि धाकट्याने त्याच्या डोक्यात वल्हे हाणले. मग वजन बांधून त्याला पाण्यात सोडले आणि होडीत पाणी भरून पोहत काठ गाठला.

दुसऱ्या दिवशी पंचांसमक्ष त्याने जागा दाखवली. धरणात गेलेल्या जुन्या गावाची ती जागा. उन्हाळ्यात पाणी उतरले की तिथे चिखलातून घरांची जोती, उखळे, झाडांची काळी खोडे वर येतात. त्या भर उन्हातही तिथे कोणी मोठ्याने बोलत नव्हते. कोळ्यांनी उथळ पाण्यात गळ फिरवले. एका घराच्या उंबऱ्याला लागून वजन सापडले, त्याला कुजकी दोरी, आणि दोरीपाशी हाडे. कमरेचा चांदीचा करगोटा शाबूत होता.

करगोटा ओळखायला मी मयताच्या पत्नीकडे गेलो. प्रेत नसले तर पानांची प्रतिमा करून अग्नी देतात. तो विधी उरकून घ्या म्हणून दीर मागे लागला होता, पण त्या तयार झाल्या नव्हत्या. कुंकू लावत होत्या आणि गावाची बोलणी खात होत्या. करगोटा त्यांनी हातात घेतला, अंगठ्याने चिखल पुसला आणि मान हलवली. पंचांच्या सह्या झाल्या. मी निघालो तशा त्या दारापर्यंत आल्या.

"सायेब, येकच सांगा. पान्यात सोडलं तवा त्ये जित्तं व्हतं का?"

"नाही," मी म्हणालो. "पहिल्याच फटक्यात गेले. त्यांना काही कळलं नाही."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग "बरं झालं" म्हणाल्या आणि आत गेल्या.

धाकट्याने मला सांगितले होते ते वेगळे होते. तो दोरी आवळत असताना थोरल्याने डोळे उघडले होते आणि विचारले होते, "काय करतुयास रं?"

पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा होत नाही. आरोपीच्या सांगण्यावरून जी वस्तू सापडते, तेवढ्यापुरतेच त्याचे बोलणे ग्राह्य धरतात. त्यामुळे वजन आणि जागा कोर्टात आली, शिक्षाही झाली. ते वाक्य आले नाही. नवा असताना या कायद्याचा मला राग येत असे. माणूस खरे बोलतो आणि ते वाया जाते, असे वाटे. या प्रकरणानंतर तो राग गेला. काही खरे कोणाच्या कानावर न पडलेलेच बरे असते, आणि ते सांभाळणे हेही पोलिसाच्या कामातच येते.

त्या बाई गेल्या वर्षी वारल्या. म्हणून आज हे लिहिता आले.