साहेबांनी गूळ खाल्ला होता

आमची संस्था म्हणजे गोरेगावात खताच्या दुकानामागच्या दोन खोल्या, एक लोखंडी कपाट आणि मी. हिंगोली जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. साखऱ्याच्या पलीकडे माळावर एक तांडा होता, तिथे मी बाळंतपणाच्या कामासाठी जात होते. जात होते म्हणजे काय, दाईच्या दाराबाहेरच्या दगडावर बसून परत येत होते.

तांड्यावरची सगळी बाळंतपणं त्या एका म्हातारीच्या हातची. सगळे तिला याडी म्हणायचे, म्हणजे आई. मीही तेच म्हणायला लागले. पहिले आठ महिने तिने मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. पाणी द्यायची, पण बाहेरच. एक दिवस काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "आत या. उन्हात काहून बसता?" त्या दिवशी मी घरी जाऊन गोडाचा शिरा केला.

आत गेल्यावर कळलं की तिला शिकवण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नव्हतं. कोणती बाई अडणार हे तिला आधीच समजायचं. "वळखून काय करू, ताई? गाडी कुठंय?" ती म्हणायची. आदल्या वर्षी सेनगावला दवाखान्यात नेताना एक पोरगी बैलगाडीतच गेली होती, आणि तिचं डोकं याडीच्या मांडीवर होतं. तिला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती, गाडी.

गाडी पुण्याच्या एका मोठ्या संस्थेकडे होती. त्यांना परदेशातून निधी मिळणार होता, पण स्थानिक भागीदार दाखवल्याशिवाय तो सुटत नव्हता. त्यांचे साहेब माझ्या दोन खोल्यांत येऊन बसले आणि म्हणाले, "ताई, आपण भागीदार." मला तो शब्द फार आवडला. आज सांगायला लाज वाटते, पण तेव्हा आरशासमोर उभी राहून मी तो एकदा म्हणूनही पाहिला होता.

तांड्यावर नाइकाच्या, म्हणजे तांडाप्रमुखाच्या, बैठकीशिवाय पान हलत नाही. साहेब आले, त्यांच्या संस्थेतल्या मॅडम आल्या, सगळा तांडा लिंबाखाली बसला. ठरलं ते असं: जीप तीन वर्षं, दिवसरात्र, तांड्यावर उभी राहणार. त्याबदल्यात याडी घरी बाळंतपण करणार नाही, प्रत्येक बाई दवाखान्यात पाठवणार. नाईक म्हणाले, "गाडी कोणाची, पैसा कोणाचा, ते आमाला समजत न्हाई. जबान कोण देतं?"

"मी देते," मी म्हणाले.

मग परातीतून गूळ आला. तांड्यावर गूळ खाल्ला की ठरलं. त्यावर सोयरिकी होतात, आणि खाल्लेल्या गुळावरून कोणी मागे फिरत नाही. साहेबांनी दोन खडे खाल्ले आणि विचारलं, "छान आहे हो, बिनरसायनाचा का?" सगळे हसले, मीही हसले. मला वाटलं, माणूस मनमोकळा आहे.

याडी उठली, घरातून आपलं गाठोडं घेऊन आली आणि माझ्या ओटीत ठेवलं. मऊ झालेल्या लुगड्याच्या चिंध्या, दोरा, ब्लेडची पुडी, तेलाची बाटली आणि तिच्या सासूने दिलेला एक बोटभर विळा. "गाडी हाय तवर तुमच्यापाशी," ती म्हणाली. "गाडी गेली की माझं मला."

आठ दिवसांनी हिंगोलीला मला सही करायला बोलावलं. दहा-बारा पानांचा इंग्रजी कागद होता. मी बी.ए. झालेली बाई, शब्द लावून लावून वाचला असता. वाचला नाही. माझ्या डोक्यात ठाम होतं की जे ठरायचं ते लिंबाखाली ठरलं, साहेबांनी गूळ खाल्ला, आता हा कागद म्हणजे नुसता उपचार. त्यांनी पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या, तिथे तिथे मी सह्या केल्या. वर चहा पिऊन जीपने परत आले.

एक वर्ष फार चांगलं गेलं, हे कबूल करायला हवं. जीप उभी असायची, बायका वेळेवर पोचायच्या. याडी पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला दटावायची, "हळू घे रे, लेकरू हाय आत." त्याच सुमारास मॅडमनी प्रदर्शनासाठी गाठोडं मागितलं. पंधरा दिवसांत परत देतो म्हणाल्या. मी कपाट उघडून देऊन टाकलं. याडीला विचारलं नाही. पंधरा दिवसांसाठी काय विचारायचं, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या वर्षी पत्र आलं. प्रकल्प आता डांबरी रस्त्यावरच्या गावांत जाणार होता, कारण तांड्यावर बाळंतपणं थोडी होतात आणि अहवालात आकडा बारीक दिसतो. मी फोन केला. साहेबांचा आवाज तसाच गोड. "ताई, हे करारात आहेच की. सातवं पान. तुमची सही आहे." आणि त्याच फोनवर मला पुण्याला कार्यशाळेचं आमंत्रण दिलं. विषय होता, भागीदारीतले अडथळे कसे पार केले.

मी गेले, गाठोडं आणायला. तिसऱ्या रांगेत बसवलं. पडद्यावर आमचा लिंब दिसला, परात दिसली, याडीचा हसरा चेहरा दिसला. साहेब सांगत होते की तांड्याचा विश्वास आम्ही असा असा मिळवला. माझे आठ महिने, तो दगड, सगळं त्यांच्या तोंडून ऐकलं. बाहेर व्हरांड्यात काचेच्या पेटीत गाठोडं उघडून मांडलं होतं, विळ्याखाली इंग्रजी चिठ्ठी. मागितलं तर मॅडम म्हणाल्या, पुढच्या महिन्यात निधी देणारे पाहुणे येताहेत, त्यानंतर बघू. गोरेगावच्या बाजारात वांग्यांवरून भांडणारी मी, तिथे "बरं" म्हणाले. त्या साहेबाचा मला राग येतोच, पण त्या "बरं"चा जास्त येतो.

तांड्यावर पोचले तर जीप आधीच गेलेली. ड्रायव्हर दुरुस्तीला नेतो म्हणून सांगून गेला होता. याडीच्या धाकट्या सुनेचे दिवस भरले होते, पहिलटकरीण, आणि ही अडणार असं याडी मला महिन्याभरापूर्वीच म्हणाली होती. मी नाइकांसमोर बसून सगळं सांगितलं, सातव्या पानापर्यंत. शेवटी रडायला आलं. "फसवलं हो मला त्यांनी," मी म्हणाले.

नाईक म्हणाले, "तुमाला त्यांनी फसवलं, व्हय. पर ते कोण, आमी वळखत न्हाई. आमाला जबान तुमी दिली."

याडी दारात उभी होती. "गाठोडं आणलं का, ताई?"

"नाही. पुण्यात आहे. काचेच्या पेटीत."

"काचंत ठिवून काय करतेत त्याचं?"

ती आत गेली. जुनं लुगडं फाडल्याचा आवाज आला, मग सुनेचं कण्हणं. मी उठून उंबऱ्यापर्यंत गेले, तशी ती वळली आणि हाताने बाहेर बसा म्हणाली. रागाने नाही, पाहुण्याला सांगतात तसं. मी दगडावर बसले. थोड्या वेळाने एका पोरीच्या हाती पाण्याचा तांब्या आला. अंधार पडायच्या आत नाइकांनी मला साखऱ्यापर्यंत सोडायला माणूस दिला, म्हणजे जायलाच सांगितलं.

सून दोन दिवस अडली होती, पण सुटली. मुलगी झाली. हे मला आठवड्याने गोरेगावच्या बाजारात एका भाजीवालीकडून कळलं.