ढोकाच्या अंड्याभोवतीचे दगड

धुळाजीबाबांचं परसू आणि आमचं परसू यांच्यामध्ये एक कूड होता, तोही जागोजाग मोडलेला. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा वर्षभर मला तोंड उघडायची सोय नव्हती. सासरी माझ्याशी पहिल्यांदा कुणी मोकळेपणानं बोललं असेल, तर ते कुडापलीकडचे धुळाजीबाबा. आणि तेही माझ्याविषयी नव्हे, पाखराविषयी.

"पोरी, त्या लिंबोणीला हिसक्यानं पानी टाकू नगंस. शिंप्यानं पान शिवलंय. आत पिलं हायेत."

मी वाकून बघितलं. दोन पानं कापसाच्या धाग्यानं खरंच शिवलेली होती आणि आत तीन उघड्या चोची. तेव्हापासून उन्हं चढायच्या आधी कुडापाशी आमची खबरबात सुरू झाली. भारद्वाज कुठल्या बाभळीत शिरला, टिटवीनं अंडी कुठं घातली, ससा कुणाच्या बांधावर दिसला, सगळं मला बाबांकडून कळायचं. ते धनगर, शंभरेक मेंढरं राखून. भोकरदनच्या अलीकडचा सगळा माळ त्यांच्या पायाखालचा. गाव त्यांना रिकामटेकडं म्हणायचं. ज्यांना स्वतःच्या बैलाच्या डोळ्यातलं पाणी दिसत नव्हतं, ते लोक म्हणायचे! त्यांची बायको सुगंधाबाई मात्र प्रेमानं चिडवायची, "बायकूचं लुगडं कंच्या रंगाचं ते ठावं न्हाई, पर पाखराचं पीस बराबर वळखतो."

बाबांचा खरा जीव माळढोकावर. उंच मानेचा, तुऱ्याचा मोठा पक्षी. मादी वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, काडीचंसुद्धा घरटं न करता. उन्हाळ्यात थेट मंठा गावापासूनचे कळप आमच्या माळावर येत, त्यांच्या खुरांखाली ते अंडं सहज चिरडलं जाई. म्हणून धनगरांची एक रीत होती. अंडं दिसलं की पाच-सहा हात सोडून भोवती पांढऱ्या दगडांचं कडं मांडायचं. कडं दिसलं की येणारा मेंढपाळ कळप वळवायचा. माळावर दगडांविषयी जो विचारतो तो मेंढरं वळवण्यासाठीच विचारतो, एवढंच बाबांना जन्मापासून ठाऊक.

निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे, पोलीस ॲक्शनच्या चार वर्षं आधीची. चैत्र सरत आला होता. एक घोडेस्वार माळावर आला, गोडबोल्या, फेटा बांधलेला. बाबांना तंबाखू दिली आणि विचारलं, "बाबा, ये पत्थर कायकू रखे?"

बाबांनी कौतुकानं सगळं सांगितलं. अंडं दाखवलं. मादी किती जवळ जाईपर्यंत उठत नाही, तेही सांगितलं. त्या दिवशी कुडापाशी येऊन मला म्हणाले, "शहरातला मानूस, पर ढोकाचं इचारून राह्यला व्हता. लई भला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच माळावर मोटार आली. हैदराबादेहून कुणी बडे पाहुणे होते, बंदुका होत्या, आणि पुढे तोच फेटेवाला. मोटार सरळ कड्यापाशी गेली. मादी अंड्यावरून उठली नाही. एकच बार झाला. मग त्यांनी बाबांनाच हाक मारली आणि तो पक्षी मोटारीपर्यंत वाहून न्यायला लावला. फेटेवाल्यानं जाताना शाबासकी दिली, ती बाबांना सगळ्यांत जास्त झोंबली.

त्यानंतर आठ दिवस बाबा माळावर दगड विस्कटत हिंडले. टिटवीचं कडं, चंडोलाचं कडं, एकही ठेवलं नाही. मी म्हटलं, "बाबा, दगड काढले तर मेंढरं तुडवतील की." ते म्हणाले, "तुडवू दे. मेंढरू इचारून तर मारत न्हाई." मला त्यांचा राग आला आणि त्यांची कीवही आली.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरी मादी आली. बाबांनी ती बघितली, अंडंही बघितलं. दगड ठेवले नाहीत. मलाही बोलले नाहीत. त्याच सुमाराला मंठ्याकडचा म्हस्कू तीनशे मेंढरं घेऊन आला. तिशीतला, साधा, बाबांना मामा म्हणणारा. माळावर एकही कडं नाही हे बघून त्यानं आपणहून विचारलं, "मामा, औंदा ढोक कुठं बसलाय का? मेंढरं कुन्या अंगानं घालू?"

"न्हाई. औंदा काईच न्हाई," बाबा म्हणाले.

म्हस्कूनं कळप सरळ घातला. मेंढरं अंड्याच्या अंगाला वळली तसे बाबा ओरडत धावले, पण तीनशे मेंढरांच्या धुळीत म्हाताऱ्याचा आवाज कुठं पोचणार? मादी उडाली. कळप पुढं गेल्यावर जमिनीवर थोडी टरफलं आणि ओला डाग राहिला. मी शेण्या वेचायला गेले होते, हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं.

म्हस्कूनं डोक्यावरचं मुंडासं काढून बाबांच्या पायांवर ठेवलं. "मामा, माज्या हातून पाप झालं. तुमाला बी दिसलं न्हाई, मला बी दिसलं न्हाई. म्या पाच ऐतवार उपास धरीन." तो रडत होता. बाबा त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते कुडापाशी आले. नजर आमच्या लिंबोणीवर होती.

"पोरी, मला ठावं व्हतं," ते म्हणाले. "म्या चार दिस आदी बगितल्तं. त्यानं इचारलं, अन् तोंडातून न्हाईच निघालं. त्या फेटेवाल्याला सांगितलं, अन् आपल्या मानसाला न्हाई सांगितलं."

"मग म्हस्कूला सांगा ना."

"कंच्या तोंडानं?"

म्हस्कूचा तळ आमच्या गावाबाहेर आणखी तीन दिवस होता. विहिरीवर मला तो रोज दिसायचा. अन्न सोडलेलं, चेहरा उतरलेला. घागर भरता भरता एक वाक्य सांगितलं असतं, तर त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. पण मग धुळाजीबाबा धनगरांत तोंड दाखवू शकले नसते. मी मान खाली घालून घागर उचलली. चौथ्या दिवशी म्हस्कू मंठ्याच्या वाटेला लागला, आपल्या हातून न घडलेलं पाप घेऊन.