दगडाच्या पोटातलं पाणी

माझा धाकटा भाऊ आंघोळ करून बाहेर आला की तिथे कोणी आंघोळ केली होती हे शपथेवर सांगितलं तरी पटत नाही. फरशी कोरडी, भिंत कोरडी, बादली पुसून पालथी घातलेली. साबण तेवढा ओला राहतो, आणि तोही बिचारा ओशाळल्यासारखा दिसतो. टॉवेल असा पिळतो की मला शेजारच्या घरात ऐकू येतं. आई म्हणायची, लहानपणी हौदात पडला तेव्हापासून हे असं झालं. मी म्हणते, हे उपजतच. बाळ असतानासुद्धा दुपटं ओलं झालं की गाव गोळा करायचा.

कारखान्यात त्याला सगळे वाळवण म्हणतात. हे नाव आपल्या कामावरून पडलं असं त्याला वाटतं. वाटू दे.

त्याचं काम वाळवायचंच आहे, ही गोष्ट खरी. कारखाना डोंगराच्या पायथ्याशी आणि खाण वर डोंगराच्या खांद्यावर. तिथून पर्लाईटचा दगड येतो. दिसायला काही नाही हो त्याच्यात. करडा, काचेसारखा चमकणारा, बोटांनी चुरला तर पापुद्रे सुटणारा. फार फार पूर्वी ज्वालामुखीचा रस वर आला, काचेसारखा गोठला, आणि त्याच्या पोटात थोडंसं पाणी अडकून राहिलं. लाखो वर्षं झाली, पण त्याने कोणाला सांगितलं नाही. आमच्या घराण्यात एवढं पोटात ठेवणारं कोणी नाही. मी तर नाहीच.

हा दगड फोडायचा, चाळायचा, अंगावरचा ओलावा वाळवायचा, आणि मग ते दाणे भट्टीच्या उभ्या नळीत जाळावर सोडायचे. दाणा मऊ पडतो, पोटातल्या पाण्याची वाफ होते, आणि पापणी लवायच्या आत तो फुगून बसतो, अगदी आमच्या सासूबाई बसायच्या तसा. पांढराशुभ्र, आतून पोकळ, आणि इतका हलका की शिंकलात तर मूठभर माल गेलाच म्हणून समजा.

मग तो कुठे कुठे जातो ते विचारू नका. म्हणजे विचारा, मी सांगणारच आहे. गिलाव्यात घातला की भिंत हलकी होते. गच्चीवर पसरला की खालच्या खोलीत उकडत नाही. फळांचे रस गाळायला हा, खायचं तेल गाळायला हा. अतिथंड गॅसच्या मोठ्या टाक्यांना दुहेरी भिंत असते, त्या दोन भिंतींच्या मधे हाच भरतात. आणि माझ्या रोपवाटिकेत मातीत मिसळला की मुळांना श्वास घ्यायला जागा होते. गिऱ्हाईक विचारतं, “मावशी, कुंडीत थर्माकोल का हो घातलाय?” मी म्हणते, “दगड आहे रे बाळा.” तसं ते माझ्याकडे बघतं आणि हळूच शेजारच्या दुकानात जातं.

तर आमचा वाळवण. वाळवायचं यंत्र म्हणजे एक लांबलचक लोखंडी पिंप, आडवं, जरासं उतरतं, सारखं गोल फिरणारं. एका तोंडाने ओली खडी आत, मधून गरम हवा, दुसऱ्या तोंडाने कोरडी खडी बाहेर. याने जाळ मोठा-लहान करायचा, पिंप जोरात-हळू फिरवायचं. दुसऱ्या कोणाला हे काम दिलं असतं तर कंटाळला असता. याला दिलं तर हा पिंपाशी बोलायला लागला.

आता गंमत बघा. खाणीवरचे मुकादम याचे सासरे. म्हणजे सासऱ्यांनी वर डोंगरावर दगड काढायचा आणि जावयाने खाली वाळवायचा. मुकादम हा साधा माणूस नाही. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण आवाज असा की सुरुंग लावताना भोंगा वाजवायची गरज नाही. दगडाचा तुकडा कानाजवळ धरून मोडतात आणि आवाजावरून सांगतात, हा घ्या, तो तांबडा पट्टा टाका. जावयाला मात्र कायम अहोजाहो. “जावईबापू, आज तुमचं पिंप झोपलं होतं का?” असं इतक्या मानाने विचारतात की त्यापेक्षा शिवी परवडली.

जुनी खाण संपत आली होती. तिच्या वरच्या अंगाला नवा टप्पा उघडायचा की नाही, असा प्रश्न पडला. मालक घुटमळत होते. मुकादम मालकांसमोर उभे राहून म्हणाले, “साहेब, दगड चांगला आहे. शब्द माझा.” झालं. झाडोरा काढला, माती सरकवली, मोठं मशीन वर चढवलं आणि नव्या टप्प्याचा दगड खाली यायला लागला.

नेमकं त्याच सुमारास भट्टीवाल्या बाईंनी वाळवणला झापलं. या बाई भट्टीच्या इंजिनिअर. जाळाशी दिवसभर काम, त्यामुळे स्वभावही जरा गरम, पण मनाने निर्मळ. त्यांनी ओली खडी मुठीत धरून याच्या नाकाखाली नेली. “हे बघा, लाडू वळतोय! नळीत चिकटून बसते ही. पुन्हा ओला माल आला तर मी मालकांकडे जाणार, सांगून ठेवते.”

ओला माल! आमच्या वाळवणला! अहो, दुसऱ्या कोणाला चोर म्हटलं असतं तरी एवढं लागलं नसतं. घरी येऊन जेवला नाही. त्याची बायको मला म्हणाली, “ताई, यांना काय झालंय? उशी उन्हात टाकतायत.”

त्यानंतर याने जाळ वाढवला आणि पिंप हळू केलं. रोज पाळी संपली की वाळलेल्या खडीची एक बरणी भरून घरी आणायचा आणि खिडकीत ठेवायचा. बरणी हलवून मला ऐकवायचा. “ऐक ताई, कसा खुळखुळ आवाज येतोय. आता म्हणू दे कोणी ओली.” मी म्हटलं, “बरोबर आहे रे, आता पाळण्यावर बांध.”

आणि इकडे भट्टीत नवा दगड फुगेना.

वरून दाणे सोडले की खाली पांढरा ढग उठायचा, तो उठेचना. करडी जड वाळू खाली पडायची, थोडीफार फुगल्यासारखी, जशी काही फुगायची इच्छाच नाही. भट्टीवाल्या बाईंनी जाळ वाढवला, कमी केला, बर्नर उघडून साफ केला, नळी घासली. काही उपयोग नाही. नमुना तपासायला शहरात पाठवला, त्याचं उत्तर येईना. मालक म्हणाले, “भट्टी तीच, माणसं तीच. बदलला तो दगड. सोमवारपर्यंत बघू, नाहीतर मशीन खाली उतरवा. टप्पा बंद.”

टप्पा बंद म्हणजे थोड्या महिन्यांत खाण बंद, आणि खाण बंद म्हणजे कारखान्याला कुलूप. आणि हे सगळं कोणाच्या शब्दावर? मुकादमांच्या. लोक तोंडावर काही बोलले नाहीत, पण कॅन्टीनमध्ये मुकादम आले की बोलणं थांबायला लागलं. त्या माणसाचा आवाज बसला हो. खरोखरच बसला. लेकीकडे आले तर “पाणी दे” सुद्धा दोनदा सांगावं लागलं.

रविवारी दुपारी ते तडक माझ्याकडे आले. खिसे फुगलेले. मला वाटलं नातवंडांना खाऊ आणला. काढले तर दगड.

“ताई, तुमच्या यजमानांची ती नळ जोडायची टॉर्च द्या जरा.”

आमचे हे नळाची कामं करतात, त्यांच्याकडे गॅसची टॉर्च असते. हे म्हणाले, “मुकादम, डोळ्यांवर चष्मा लावा, तुकडा उडेल.” अंगणात लोखंडी तवा ठेवला. वाळवण आला, त्याची बायको आली. मुकादमांनी नव्या टप्प्यातला, खाणीतून थेट आणलेला तुकडा बारीक फोडून तव्यावर टाकला आणि ह्यांनी टॉर्च धरली.

एक दाणा तडतडला आणि पांढरा झाला. मग दुसरा. मग सगळेच! करड्याचं पांढरं, चपट्याचं गोल. एक उडून माझ्या पायाशी आला.

“फुगला!” मुकादमांचा आवाज असा परत आला की कुंडीवरची चिमणी उडाली. “बघितलंत ना सगळ्यांनी? माझा दगड चांगला आहे! बिघडली आहे ती त्या बाईची भट्टी! उद्या सगळ्यांसमोर सांगतो तिला. माझ्या दगडाला नावं ठेवते काय!” आणि चहासुद्धा न घेता गेले.

सगळे हसत होते. वाळवण तेवढा हसत नव्हता. तो शेजारी आपल्या घरात गेला आणि खिडकीतली एक बरणी घेऊन आला.

“भावोजी, हे पण बघा ना जरा.”

ह्यांनी टॉर्च धरली. दाणे लाल झाले. लाल झाले आणि बसून राहिले. थंड झाले तेव्हा करडेच्या करडे.

वाळवण खाली उकिडवाच बसला. “ताई,” म्हणाला, “दगड तोच आहे. मधे फक्त माझं पिंप आहे.”

मला कळायला क्षण लागला, खोटं कशाला बोलू. “म्हणजे तू पोटातलं पाणीसुद्धा वाळवलंस?”

“वरचं काढायचं होतं. आतलंच गेलं.”

“धन्य आहे बाबा तुझी. लाखो वर्षं ज्वालामुखीला जमलं नाही ते तू करून दाखवलंस.”

एरवी चिडला असता. आज चिडला नाही. त्याची बायको त्याच्याजवळ बसली. तो पुटपुटला, “एकदा बोलणी खाल्ली आहेतच. आता दुसऱ्यांदा हे. मालक काढून टाकतील. आणि मामांना काय तोंड दाखवू? माझ्यामुळे त्यांच्याकडे लोक वाकड्या नजरेने बघतात.”

बायको म्हणाली, “अहो, आणि गप्प बसलात तर? उद्या बाबा त्या बाईंवर तोफ डागणार. बाबांचा स्वभाव ठाऊक आहे ना? नंतर खरं कळलं तर त्यांना बाईंची माफी मागावी लागेल.”

“मी कुठे म्हटलं गप्प बसतो?” तो म्हणाला. पण तोंड असं होतं की सोमवार कोणी रद्द केला तर बरं.

सोमवारी माझ्या रोपांसाठी फाटक्या पोत्यातला माल आणायचा होता, म्हणून मीही कारखान्यात गेले. बरं, नव्हता आणायचा. पण कोणी विचारलं नाही.

भट्टीपाशी मालक, भट्टीवाल्या बाई, मुकादम, सगळे होते. मुकादमांनी छाती भरून श्वास घेतला, आता सुरू करणार, एवढ्यात वाळवण मधे शिरला. हातात ती बरणी.

“मामा, थांबा. बाईंना बोलू नका. भट्टी चांगली आहे, दगडही चांगला आहे. मी माल जास्त वाळवला. पोटातलं पाणी गेलं, म्हणून फुगत नाही.” आणि मग अगदी बारीक आवाजात, “ओला म्हणून बोलल्या होत्या ना, म्हणून.”

भट्टीवाल्या बाईंनी बरणी घेतली, झाकण काढलं, चिमूटभर हातावर घेतलं. मला वाटलं, आता जाळ होणार. तर त्या बाई पायरीवर मटकन बसल्या. “अहो, मी रोज घरी जाऊन रडत होते! मला वाटलं मीच भट्टी बिघडवली आणि मला कळत नाहीये.” मग एकदम उठल्या. “पण तुम्ही म्हणजे कमालच आहात! ओलं देऊ नका म्हटलं होतं मी. भाजून द्या नव्हतं म्हटलं!”

मालक मुकादमांकडे बघत होते, मुकादम जावयाकडे. मी देवाचं नाव घेतलं.

“जावईबापू,” मुकादम म्हणाले, “पिंप चालू करा. जाळ पूर्वीएवढा.”

बस, एवढंच.

वाळवणने पिंप चालू केलं. या खेपेला मधे दहा वेळा जाऊन जाळ बघितला, पण हात लावला नाही. खडी बाहेर आली, बाईंनी मुठीत दाबून पाहिली, लाडू वळला नाही. वर चढवली. दाणे सुटले, आणि नळीतून तो ओळखीचा आवाज आला, कोणी रेशमी कापड झटकावं तसा. खालच्या नळकांड्याला बांधलेलं पोतं हळूहळू उभं राहायला लागलं. बाईंनी आत हात घातला आणि बाहेर काढला तो कोपरापर्यंत पांढरा.

कोणी ओरडलं नाही, टाळ्या नाहीत, काही नाही. नुसते श्वास सुटले. मालक म्हणाले, “मशीन वरच राहू दे,” आणि चष्मा पुसायला लागले. वाळवणला म्हणाले, “तुम्ही संध्याकाळी भेटा.” त्याचा चेहरा पडला, तसे बाईच म्हणाल्या, “घाबरू नका, मीही येते. वाळवायचं किती ते आपण पिंपावर लिहूनच ठेवू. मी नुसतं ओरडले, किती ते सांगितलंच नव्हतं.”

मुकादम तेवढ्यात त्या भरलेल्या पोत्यावर टेकले. पोतं मोठं होतं, गच्च दिसत होतं. पण आत काय, निम्मी हवाच! मुकादम जे खाली गेले ते जातच राहिले. पाय वर, टोपी डोळ्यांवर, चारी बाजूंनी पोतं वर आलेलं. वाळवण धावला, “मामा! हात द्या!”

“नको,” आतून आवाज आला. “राहू द्या, जावईबापू. किती दिवसांनी पाठ टेकली आहे.”

मग मात्र भट्टीवाल्या बाई हसल्या, आणि मग कोणाला कोणी आवरायचं? मालक पोत्याला वळसा घालून ऑफिसकडे गेले. पोत्यात माल गिऱ्हाइकाचा होता, पण कोणी मुकादमांना उठवलं नाही.