साडूच्या डाव्या बुटाची क्लीट

माझ्या साडूवर मी जळत होतो, हे आधीच सांगून टाकतो. आडून आडून सांगण्यात अर्थ नाही. वाचणाऱ्याला ते दोन मिनिटांत कळणारच आहे.

मी थोरला जावई. शाळेत गणित शिकवतो. तो धाकटा, हुपरीचा, घरच्या कारखान्यात चांदीची पैंजणं करतो. आमची सासुरवाडी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. माझ्या लग्नानंतर नऊ वर्षांनी तो त्या घरात आला, आणि तोवर त्या घरात जावई म्हणजे मी. रविवारी मटण शिजलं की सासरे स्वतः पातेल्यात पळी फिरवून नळी शोधायचे आणि माझ्या ताटात घालायचे. तोंडानं कौतुक करण्याची त्यांची रीत नव्हती. आयुष्यभर दुधाची गाडी चालवलेला माणूस, शब्द मोजून वापरायचा. नळी मिळाली की मी समजून घ्यायचो.

सायकलचा नाद मीच त्याला लावला. आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी मला व्यायाम सांगितला आणि मी दोन वर्षं एकटाच दर रविवारी पन्हाळ्याला सायकलवर जात होतो. एकदा बोलता बोलता त्याला म्हणालो, चल तूही. चार महिन्यांत तो वाघबीळच्या चढाला मला मागं टाकून दिसेनासा व्हायला लागला. परतताना सासरे गल्लीच्या तोंडाशी कट्ट्यावर बसलेले असायचे. तो आधी पोचायचा, मी मागून घामाघूम. सासरे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारायचे, "धाकटं आलं. थोरलं कुठं ऱ्हायलं?"

अशाच एका रविवारी नळी त्याच्या ताटात गेली. कुणालाच त्यात काही वाटलं नाही, माझ्या बायकोलाही नाही. मला मात्र भाकरी घशाखाली उतरेना. चाळिशी ओलांडलेल्या मास्तरानं हाडकासाठी रुसावं, हे शोभत नव्हतं. पण रुसलो.

त्यात तो माणूस चांगला होता, हे आणखी वाईट. नालायक असता तर जळायला सोपं गेलं असतं. चढ संपला की वर थांबायचा, मी पोचलो की पाण्याची बाटली पुढं करायचा आणि म्हणायचा, "दाजी, आज लई भारी चढलासा." ते खोटं वाटायचं म्हणून राग यायचा, आणि कधी खरं वाटलं तर त्याहून जास्त.

एका गोष्टीत मात्र मी त्याच्या पुढं होतो. सायकलची निगा. आम्ही दोघं क्लीटचे बूट वापरतो. क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला तीन स्क्रूंनी बसवलेला प्लास्टिकचा तुकडा. पाय ठेवला की तो पेडलमध्ये टक्‌ करून अडकतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. पाय पेडलला बांधलेला असल्यामुळं सगळा जोर चाकाला जातो. पण हे बूट चालायसाठी नसतात. आमच्यासारखी माणसं ते घालून चहाच्या टपरीपर्यंत जातात, मिसळीच्या रांगेत उभी राहतात, आणि डांबरावर क्लीट घासत जाते. शिवाय सिग्नलला जो पाय खाली टेकायचा, त्याची आधी झिजते. साडू डावा टेकायचा.

मीही हे सगळं चुकत चुकत शिकलो. पहिल्या महिन्यात क्लीट करकरायला लागली, तर मी तिला एरंडेल लावलं. नव्या चपलेला तेल पाजायची आमच्याकडची सवय. त्या तेलावर रस्त्याची सगळी धूळ बसली आणि क्लीटला कानस मारल्यासारखं झालं. तेव्हापासून वाचून, विचारून माहिती मिळवली. क्लीट ओल्या फडक्यानं पुसायची, पेडलची स्प्रिंग ब्रशनं साफ करायची, स्क्रूच्या आट्यांना किंचित ग्रीस लावायचं. क्लीट काढण्याआधी तिच्याभोवती पेननं रेघ मारून घ्यायची, म्हणजे नवी नेमकी त्याच जागी बसते. नाहीतर पाय वाकडा पडतो आणि गुडघा धरतो.

दर शनिवारी संध्याकाळी साडू बायकोला घेऊन मंगळवार पेठेत मुक्कामाला यायचा. मी तिथं जाऊन सोप्यात वर्तमानपत्र अंथरायचो आणि दोघांचेही बूट घेऊन बसायचो. कुणी सांगितलं नव्हतं. या एका कामात तो माझ्यासमोर अडाणी होता, म्हणून मला ते आवडायचं. अडचण एकच होती. क्लीट बघायची तर बूट उलटा करावा लागतो, आणि त्या घरात पायताण उलटं ठेवलेलं चालत नाही. घरात भांडणं लागतात म्हणे. मी बूट उलटा करायचो, सासूबाई जाता येता तो सुलटा करायच्या. हा आमचा दर शनिवारचा खेळ होता.

त्या शनिवारी शेजारचे एक गृहस्थ सासऱ्यांशी गप्पा मारत बसले होते. सासरे सांगत होते की धाकटं पावणं पन्हाळा एका दमात चढतंय, मध्ये पाय टेकत न्हाय. शेजाऱ्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "आन् थोरलं?"

"त्येंचं बी चाललंय की आपलं," सासरे म्हणाले.

माझ्या हातात तेव्हा साडूचा डावा बूट होता. फडकं फिरवलं आणि दिसलं की क्लीटची मागची कड नखाएवढी पातळ झाली आहे. हीच कड पेडलला धरून ठेवते. चढावर उभा राहून जोर लावला तर ती सुटणार, हे मला गणिताइतकं स्पष्ट होतं. माझ्या डब्यात नवी जोडी होती. दहा मिनिटांचं काम. साडू आत स्वयंपाकघरात काहीतरी सांगत होता आणि सगळ्या बायका हसत होत्या, माझीसुद्धा.

सासूबाई बाहेर आल्या. "पावणं, उलटं ठिवू नगा म्हणून किती येळा सांगायचं?" म्हणत त्यांनी बूट माझ्या हातातून घेतला आणि भिंतीशी सुलटा ठेवला.

"बरं," मी म्हणालो. डबा बंद केला.

तो पडावा असं माझ्या मनात नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. हात मोडावा असं नक्कीच नव्हतं. पण एकदा तरी चढावर त्याचा पाय सुटावा, त्यानं रस्त्याकडेला थांबावं, आणि मी शेजारून पुढं जावं, हे मात्र मनात होतं.

सकाळी वाघबीळच्या पुढच्या वळणावर तो माझ्या बराच पुढं होता. उभा राहिला, डाव्या पायावर भार टाकला, आणि पाय पेडलवरून सटकला. सायकल आडवी झाली आणि तो उजव्या हातावर पडला. मी खालून बघत होतो. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आज वर मी आधी पोचणार. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

जवळ गेलो तेव्हा त्याचं मनगट भलतीकडंच वळलेलं दिसलं. दुधाच्या टेम्पोतून आम्ही कोल्हापूर गाठलं. सहा आठवडे प्लास्टर. पैंजणाच्या बारीक कड्या आचेवर जोडायचं काम त्याच्या घरात तो एकटाच करायचा. आई आणि बायको घुंगरं ओवायच्या, उजळायचं काम भाऊ करायचा, पण कड्या जोडल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. लग्नसराई तोंडावर होती. अख्खं घर त्या एका हातासाठी थांबलं.

आठवडाभर मी गप्प राहिलो. शाळेत मुलांवर उगाच खेकसलो. पुढच्या रविवारी सगळे मंगळवार पेठेत जमले. साडूनं आपले बूट पिशवीतून आणले होते. डाव्या हातानं बूट माझ्यापुढं करून म्हणाला, "दाजी, ही क्लीट बदलून ठिवा. हात बरा झाला की परत येतो तुमच्या मागनं."

मी बूट उलटा केला. कडेचा तुकडाच उडाला होता. मी विचारलं, "तू स्वतः कधी बघितली नव्हतीस?"

"मी कशाला बघू?" तो म्हणाला. "पायताण उलटं करायचं न्हाय, हे आईनं ल्हानपणापास्नं शिकवलंय. आन् तुमी दर शनिवारी बघताय की. खराब असती तर तुमी सांगितलं नसतंसा व्हय?"

मी पेन घेतलं, रेघ मारली, जुनी क्लीट काढली. नवी क्लीट जागेवर ठेवून दोन स्क्रू लावले आणि मान वर न करता म्हणालो, "मला त्या शनिवारीच दिसलं होतं. कड पातळ झाली होती. मी बोललो नाही."

मग साडू हसला. "दाजी, माझं खापर उगं सोताच्या डोक्यावर फोडून घेऊ नका. मीच येडा. आठ दिस झालं, तुमचं तोंड उतरलंय, हिनं सांगितलं मला."

सासरे उठून माझ्याजवळ आले. माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दोन्ही मुलींकडं बघून म्हणाले, "बघितलंसा? ह्येला म्हणत्यात थोरलेपण. चूक दुसऱ्याची आन् मान ह्येंची खाली. असा जावई मिळाय नशीब लागतं."

माझ्या बायकोनं तेवढं माझ्याकडं नीट पाहिलं आणि ती आत निघून गेली.

"मामा, मी खरंच बघितलं होतं." एवढं सासऱ्यांना आणखी एकदा म्हणायला हवं होतं. त्यांचा हात अजून खांद्यावर होता, आणि तो तिथं असेपर्यंत माझ्यानं ते म्हणवलं नाही. मी तिसरा स्क्रू आवळत राहिलो. बूट हलू नये, मला सोपं जावं, म्हणून साडू तो आपल्या धड हातानं घट्ट धरून बसला होता.