माघारीची नावं

२०२२ साल. मला अडुसष्टावं चालू होतं, आणि पस्तिशीतले एक सर मला दर रविवारी म्हणायचे, "मला नाही कळलं, आबा. परत सांगा." म्हणताना खडू कानामागं खोचायचे, सुतार पेन्सिल खोचतो तसा. चेहरा असा, की ह्यांना खरंच कळलं नाही. पहिला महिनाभर मी त्यांना ढ समजत होतो. तुम्हीही असा एखादा मास्तर पाहिला असेल.

मी चौथी शिकलेला. ग्रामसभेत एकानं टोमणा मारला, "आबा, चौथी पासला लोकशाही काय कळती?" पुढच्याच आठवड्यात शिरूरच्या कॉलेजात रविवारच्या वर्गाला नाव घातलं. पूर्वतयारीची परीक्षा दिली की माझ्यासारख्यालाही बी.ए.ला बसू देतात. विषय घेतला तत्त्वज्ञान आणि लोकशाही. पंचवीस वर्षं गावची निवडणूक मी बिनविरोध केलेली. मला कोण काय शिकवणार?

सर दौंडवरनं एस.टी.नं यायचे, मी न्हावऱ्याला चढायचो. शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून ते माझी जागा धरायचे. एकदा कंडक्टरनं विचारलं, "वडील का?"

"नाही, विद्यार्थी."

कंडक्टर तिकीट फाडायचं विसरला.

ग्रीस देशात एक म्हातारा होता, सरांनी सांगितलं. बाजारात उभा राहून भल्याभल्यांना प्रश्न विचारायचा. शेवटी लोकांनी मतं टाकून त्याला विष प्यायला लावलं.

मी म्हणालो, "म्हणूनच सर, मतदान वाईट. आमच्यात मतदानच होत न्हाई. बैठक बसती, ठरतं, बाकीचे माघार घेत्यात. कुणाला विष न्हाई, कुणाचं डोकं फुटत न्हाई."

"मला नाही कळलं, आबा. ठरवतं कोण?"

"गाव."

"गाव म्हणजे?"

"गाव म्हंजी... आम्हीच की."

वर्गातल्या बाया हसल्या. मी रागानं पाणी प्यायला बाहेर गेलो. सर मागं आले नाहीत. परत आलो तर धडा तिथंच थांबवलेला, आणि अख्खा वर्ग माझी वाट बघत बसलेला.

दिवाळीनंतर त्यांनी घरी लिहायला प्रश्न दिला : लोकशाही म्हणजे काय? मी एकच ओळ लिहिली. 'लोकशाही म्हणजे बिनविरोध.' खाली दोन रेघा मारल्या. सरांनी काट मारली नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'आजवर माघार कुणी कुणी घेतली? नावं लिहा.'

सोपं वाटलं. ओट्यावर बसून एकेक नाव आठवत गेलो. अकरा झाली आणि हात थांबला. अकराच्या अकरा ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली. प्रत्येकाच्या दारात मीच गेलो होतो. उभ्या उभ्या म्हणालो होतो, "गावच्या भल्यासाठी." एकानंही मला नाही म्हटलं नव्हतं. त्यालाच मी एकमत म्हणत आलो.

आणि नेमकी तेव्हाच निवडणूक लागलेली. बाकी सगळ्या जागा जुळलेल्या. एका जागेवर त्याच वस्तीतल्या शालननं फॉर्म भरलेला. कंपनीत पॅकिंगला जाणारी बाई. समोर माझी सून. सोमवारी दुपारी तीनपर्यंत माघारीची मुदत, आणि शालनला तहसीलला न्यायचं ते मी, असं बैठकीत ठरलेलं. मला भाकरी जाईना. सून विचारायची, "आबा, बरं वाटत न्हाई का?" तिला काय सांगणार?

सरांना विचारायचं ठरवलं. रविवारी वही घेऊन एस.टी.त चढलो, तर सर नव्हते. वर्गात गेलो, तर फळा कोरा. कारकून म्हणाला, "ते तासिकेवरचे होते, आबा. तास संपले, सर संपले. दुसरे येतील."

"न सांगता?"

"त्यांना तरी कुठं सांगितलं कुणी?"

बाकीचे निघून गेले. मी दुपारपर्यंत पहिल्या बाकावर बसून राहिलो. वहीत अकरा नावं होती आणि ती कारकुनाला दाखवायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्यानं दारात जीप लावली. "चला आबा, शालनला घेऊ. तीनच्या आत उरकून टाकू."

"जीप घरी ने."

"आन् बिनविरोध?"

"न्हाई व्हत औंदा."

सून चौकटीत उभी होती. तिच्याकडं बघायची हिंमत झाली नाही. काठी घेतली, ओढा ओलांडला. मला अंगणात बघून शालनचा चेहरा उतरला. "आले आबा, साडी बदलते," म्हणाली, आणि सहीसाठी लेकीच्या दप्तरात पेन हुडकायला लागली.

मी तिच्या खाटेवर बसलो. म्हणालो, "पेन ऱ्हाऊ दे, पोरी. च्या ठेव. तीन वाजेस्तोवर मी हितंच बसणार हाय."