आधी मुजरा की आधी मुंबई

मॅट्रिक झाल्यावर व्यापाराचे शिक्षण घ्यावे हे माझे ठरले होते. अर्ज केव्हा आणि कोठे करावा, हे ठरत नव्हते. मुंबईत तशा शिक्षणाचे कॉलेज नुकतेच निघाले होते. आमचे घराणे मात्र धार संस्थानच्या चाकरीतले. वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, त्या वेळी कुक्षीस कमाविसदार होते. तालुक्याची वसुली त्यांच्याच हाती.

चाकरीची एक रीत होती. मुलगा शिकला की दसऱ्याच्या दरबारात त्याला मुजऱ्यास उभे करायचे. महाराजांनी मुजरा घेतला की बापामागे ती जागा मुलाची, असे सर्व समजत. जो गैरहजर, त्याचा हक्क भाऊबंदांकडे जाई. कॉलेज जूनमध्ये उघडणार आणि दसरा त्यानंतर ऐन सत्रात येणार, म्हणजे त्या वर्षी मुंबई धरली तर जागा सुटत होती.

देवासच्या काकांनी तोड काढली. देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावात दोन राज्ये. त्यामुळे काकांना प्रत्येक गोष्टीला दोन दारे ठेवण्याची सवय. एक वर्ष इथून जवळच्या इंदूरच्या कॉलेजात काढ, म्हणाले. आधी मुजरा, मग मुंबई. दादांनाही ते पटले. पण मुंबईचे विद्यापीठ निराळे. इंदुरातले वर्ष तिथे धरतील की नाही, हे कोणी खात्रीने सांगेना.

मला ओढ होती ती एका कोड्याची. कापसाची गाठ कुक्षीत बांधली जाई, पण तिचा भाव मुंबईची तार आल्यावर ठरे. ज्याने माल डोळ्यांनी पाहिला नाही, तो त्याची किंमत कशी सांगतो? हे समजून घेण्यासाठी मी एका बाजाराच्या दिवशी कापसाच्या बड्या शेटजींच्या गादीवर जाऊन बसलो. आमच्या घरचे कोणी व्यापाऱ्याच्या पेढीवर जात नसे. व्यापारी आमच्याकडे येत. माल किती आला, कोणत्या गावचा, नफा किती राहतो, असे मी क्रमाने विचारत गेलो. शेटजींनी पान दिले आणि प्रत्येक प्रश्नाला "आपकी किरपा" एवढेच उत्तर दिले. मी उठलो तेव्हा मात्र त्यांनी हळूच विचारले, "भैयासाब, नवो कर कद से लागेगो?"

नव्या कराविषयी मला काहीच ठाऊक नाही, असे मी सांगितले. ते खरे होते, आणि त्यानेच शेटजींचा संशय पक्का झाला.

पुढच्या बाजाराला डही गावाकडच्या कापसाच्या गाड्या आल्याच नाहीत. त्या शेजारच्या संस्थानच्या हद्दीत वळल्या होत्या. नवा कर नाही, अशी दादांनी दवंडी पिटवली. तेव्हा उरलेल्याही गाड्या थांबल्या, कारण सरकार उगाच दवंडी पिटत नाही हे लोकांना पिढ्यांचे माहीत. अखेर दादांनी शेटजींना बोलावून माझ्यासमोरच खरे कारण सांगितले. मुलाला व्यापार शिकायचा आहे, म्हणाले.

शेटजी पगडी सावरत हसू लागले. "हुजूर, सीखनो है तो वहाँ भेजो जहाँ इनके कोई नी पेचाने. याँ तो ये राम-राम भी करे तो वसूली लगे."

दादाही हसले. शेटजी गेल्यावर मी दादांपुढे माझा हिशेब मांडला. इंदुरात आमच्या ओळखीचे निम्मे धार भरलेले. तेव्हा ठिकाण मुंबईच. आणि मुजरा झाला की मी संस्थानचा माणूस; तेव्हा वेळ त्याच्या आधीचीच.

"गेलेली जागा मग मागायची नाही," दादा म्हणाले. "मागशील?"

"नाही."

"तर जूनचाच अर्ज कर. दसऱ्याला तुझ्या धाकट्या भावाला उभा करतो."

अर्ज त्याच आठवड्यात गेला. धाकट्याला मुजरा शिकवण्याचे काम दादांनी माझ्याकडे दिले. कंबर किती लवावी, नजर कोठे ठेवावी, मागे सरताना पाठ कशी दिसू द्यायची नाही, हे सारे मी स्वतःसाठी घोटून ठेवले होते. तो माझ्यापेक्षा लवकर शिकला.